बंद गाळ्यांच्या मालकांना, एका मॅचिंग सेंटरवालीकडून

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये गाळा घेऊन शटर खाली ओढून ठेवलेल्या सर्व मालकांस

विषय : तुमचा बंद गाळा आणि माझं दुकान

स.न.वि.वि.

हे पत्र आयुक्तांना लिही, असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. शेजारचे बांगडीवाले काका म्हणाले, थेट पालकमंत्र्यांना लिही. पण माझं गाऱ्हाणं सुरू होतं ते तुमच्या दारात. आयुक्त बदलून जातात, तुमचं कुलूप तसंच राहतं. म्हणून पत्र तुम्हाला.

माझं मॅचिंग सेंटर आहे, हरभट रोडच्या आतल्या अंगाला, भाड्याच्या गाळ्यात. टू बाय टू रुबिया, अस्तर, फॉल, लेस, हुक, गोट, आणि एका कोपऱ्यात पिकोचं मशीन. कापड पेठेत साडी घेतली की बाई पिशवी घेऊन सरळ माझ्याकडे येते, साडी काउंटरवर उलगडते आणि आम्ही दोघी उजेडात नेऊन रंग लावत बसतो. हा धंदा साडीच्या दुकानांच्या सावलीतच चालतो. शंभरफुटी रस्त्यावर काचेचा गाळा दिलात तरी तिथं पदराचा धागा जुळवायला कोण येणार? हे आधीच सांगून टाकते, कारण 'ताई, लांब घ्या की जरा, स्वस्तात होईल' हा सल्ला मला भरपूर मिळालेला आहे.

स्वतःची जागा का हवी, तेही सांगते. माझा करार अकरा महिन्यांचा. दर नूतनीकरणाला भाडं वाढतं, ते एक वेळ सोसतं. पण मालकाच्या मुलाला मोबाइलचं दुकान टाकायची हुक्की आली, की मी रस्त्यावर. माझं गिऱ्हाईक मला नावानं ओळखत नाही. 'त्या बोळातली, पायरीपाशी मशीन आहे ती' अशी माझी ओळख. बोळ सुटला की गिऱ्हाईक सुटलं. फर्निचर उचलून नेता येतं, पायरी नेता येत नाही. शॉप अ‍ॅक्टची नोंद, जीएसटीचा पत्ता, विजेचं मीटर, दुकानाच्या नावाचा क्यूआर कोड, हे सगळं बदलायचं ते वेगळंच. मग म्हटलं, सोनं मोडू, थोडं कर्ज काढू आणि दीडशे फुटांचा का होईना, आपला गाळा घेऊ. तेव्हापासून तुमची आणि माझी ओळख सुरू झाली, म्हणजे मी तुम्हाला ओळखायला लागले. तुमच्यातले बहुतेक जण मला कधी दिसलेच नाहीत. भेटला तो एजंट.

तुम्ही कोण आहात, हे हळूहळू कळत गेलं. कुणी मिरजेचे डॉक्टर, कुणी तासगाव-पलूसकडचे द्राक्षबागायतदार. कुणी सरकारी कामांचे कंत्राटदार. कुणाचा मुलगा पुण्यात आयटीत आणि त्याच्या पगारातून 'गावाकडं एखादी प्रॉपर्टी असावी' म्हणून घेतलेला गाळा. बरेच जण विटा, खानापूर, आटपाडीकडचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशाच्या कुठल्या कुठल्या शहरात जाऊन राहिलेले. कष्टाचा पैसा आहे, मला त्याचा हेवा नाही. गलाईवाल्यांनी तर आम्लाच्या वाफेत छाती जाळून तो कमावलेला असतो. तो कुठं ठेवायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं म्हणणं एवढंच, की तो तुम्ही माझ्या कामाच्या जागेत आणून ठेवलाय.

'फ्लॅट जुना होतो, गाळा जुना होत नाही.' हे एजंटचं वाक्य तुम्हालाही ऐकवलं गेलं असणार. 'नुसता धरून ठेवायचा.' तुम्ही धरून ठेवलात. भाड्यानंही दिला नाहीत, कारण भाडेकरू एकदा आत बसला की निघत नाही ही भीती. (त्या भीतीबद्दल पुढं बोलते, ती सगळी खोटी नाही.) आमच्या बोळात आणि पलीकडच्या दोन कॉम्प्लेक्समध्ये असे गाळे आहेत, की ज्यांच्या शटरवर क्लासेसच्या जाहिराती थरावर थर चढल्यात. पायरीवर रात्री कुत्री झोपतात, दिवसा पार्किंग होतं. आणि बाहेर बाजारात 'गाळेच शिल्लक नाहीत हो' अशी बोंब.

आता हिशोब. एका ठिकाणी मला सांगितलेला भाव 48 लाख. आतून मोजला तर गाळा दीडशे फूट. तसल्याच गाळ्याला आमच्या बोळात भाडं येतं महिन्याला 12,000 च्या आसपास, म्हणजे वर्षाला 1,44,000. 48 लाखांवर बरोबर 3 टक्के. याहून जास्त तर बँकेच्या मुदत ठेवीत मिळतं. तुम्हालाही ते कळतं. तुम्हाला भाडं नकोच आहे, तुम्हाला भाव वाढायला हवाय.

मला मात्र तिथं बसून ते पैसे फेडायचे आहेत. साधारण 25 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता बसतो 34,400 च्या घरात. एका ब्लाउजपीसमागं मला सरासरी 20 रुपये सुटतात. नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला 1,720 पीस विकायला हवेत. 26 दिवस दुकान उघडं धरलं तर रोज 66. त्यात माझ्या मदतनीस मुलीचा पगार नाही, वीजबिल नाही, घरपट्टी नाही, माझ्या घरात जाणारा एक रुपया नाही. लग्नसराईत रोज शंभरही जातील. आषाढात काय करू?

गाळ्याचा भाव काउंटरवर किती गल्ला होतो यावरून ठरला असता, तर ही जागा कधीच 48 ची झाली नसती. ती झाली कारण शेजारचा बंद गाळा मागच्या वर्षी 42 ला गेला, आणि तो घेणाराही शटर वर करायला आलेला नव्हता. तुम्ही एकमेकांना विकताय. मधल्या मध्ये आम्ही, ज्यांना खरंच तिथं बसायचंय, ते फक्त भाव विचारणारे उरलोय. एजंट आम्हाला 'रेट काढणारं गिऱ्हाईक' म्हणतात. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत.

आणि 48 हा तरी कुठं साधा आकडा आहे? त्यातले 35 कागदावर, 13 'वरचे'. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, खाली दाखवून मुद्रांक वाचत नाही म्हणून 35, नाहीतर आणखी खाली आणला असता. हे 13 लाख रोख, आणि तेही खरेदीखताच्या आधी, विना पावती, 'विश्वासावर'. ज्या माणसाचं मी तोंडही पाहिलेलं नाही त्याच्यावर.

यातून माझं काय होतं ते एकदा नीट ऐका. बँक कर्ज देते कागदावरच्या रकमेवर. दुकानाला घरासारखं 80-90 टक्के कर्ज कुणी देत नाही. मला सांगितलं 70. म्हणजे 35 वर साडेचोवीस लाख. उरलेले साडेदहा माझे. वरचे 13 माझे. मुद्रांक शुल्क आपल्या महापालिका हद्दीत 5 टक्के अधिक स्थानिक संस्थेचा 1 टक्का अधिभार, म्हणजे 2,10,000. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000. एकूण जवळजवळ 26 लाख माझ्या हातात रोकडे हवेत, तेव्हा मला 24 लाखांचं कर्ज मिळणार. वकील, सर्च रिपोर्ट, दोन टक्के दलाली वेगळी. ज्याच्याकडं 26 लाख मोकळे पडलेत त्याला मॅचिंग सेंटर चालवायची गरज काय?

आणि तुमचं काय वाचतं? जुलै 2024 पासून जमीन-इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. 13 लाखांवर 1,62,500, वर थोडा उपकर. एवढ्यासाठी तुम्ही माझं नऊ लाखांचं कर्ज मोडता. ते 13 कागदावर आले असते तर बँकेनं त्यावर 9 लाखांहून जास्त दिले असते. धंद्याच्या इमारतीवर मिळणारा 10 टक्के घसाराही मला कागदावरच्याच रकमेवर धरता येतो. उद्या मी विकायला गेले, तर माझी खरेदी 35 चीच, मग नफा फुगलेला दिसतो आणि तुमचा वाचलेला कर माझ्या डोक्यावर येतो. नाहीतर मीही पुढच्याकडं 'वरचे' मागायचे. हा खेळ असाच पुढं सरकतो.

जाता जाता, 1 जून 2015 पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. तुमच्या सी.ए.नं सांगितलं नसेल तर मी सांगते.

गंमत बघा, माझ्याकडं हुकाच्या पाकिटाचे दहा रुपयेसुद्धा आता स्कॅन करून येतात. म्हाताऱ्या मावशी नातवाला फोन लावून पैसे पाठवायला सांगतात. माझा सगळा गल्ला बँकेला दिसतो, सरकारला दिसतो. मी 13 लाख काळे आणू कुठून? आयुष्यभर पांढऱ्यात धंदा केल्याची ही शिक्षा आहे का? हा प्रश्न मी एका एजंटला विचारला. तो म्हणाला, 'ताई, सोनं मोडून द्या की, सोनंबी चालतंय.'

'ताई, गाळा तुमच्याच नावावर घ्या, बाईमाणसाला सवलत असते' असंही मला उत्साहानं सांगितलं गेलं. 2021 पासून महिलांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे खरी, पण ती राहत्या घराला. घर बाईच्या नावावर घेतलं तर सरकारला कौतुक, दुकान घेतलं तर पूर्ण 6 टक्के. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत जमिनीची किंमत धरत नाहीत. मुद्रा कर्जाची मर्यादा 2024 च्या अर्थसंकल्पात 20 लाख झाली, पण ती आधीचं तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांना, आणि गाळ्याच्या भावापुढं 20 लाखही कमीच. हा विषय तुमचा नाही, सरकारचा आहे, म्हणून इथंच सोडते.

जुन्या पेठेतल्या गाळ्यांची गोष्ट निराळी. तिथं मालक लपलेले नसतात, उलट फार असतात. एक जागा मला मनापासून आवडली होती. दगडी जोतं, सागवानी फळ्यांची दारं, वर माल ठेवायला माळा. मिळकत पत्रिका काढली, तर त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव. त्यांच्यामागं मुलं, मुली, नातवंडं. काहींनी हक्कसोड दिलेलं, काहींनी नाही. एक आत्या बेळगावला, तिला सही करायची नाही, आणि माझं मत विचाराल तर तिचं बरोबरच होतं, कारण तिला कुणी भाव सांगितलेलाच नव्हता. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, हे पेठेतल्या भावांना माहीत असतं, पण सहीच्या दिवसापर्यंत आठवत नाही. माझ्याशी बोलणी करणारा पुतण्या नोटरी केलेलं मुखत्यारपत्र दाखवत होता. मागच्या खोलीत जुना पागडीचा, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन बसलेला, भाडेकरू, त्याचं भाडं इतकं कमी की सांगायला मालकाला लाज वाटावी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तो हलणार नाही. म्हणजे मी विकत घेणार पुढचा गाळा आणि मागची कोर्टकचेरी. एवढं असून विसार पाच लाख, आठवड्यात. वकीलबाईंनी फाइल मिटून माझ्याकडं सरकवली. मी नको म्हणाले, तेव्हा पुतण्या म्हणाला, 'एवढे कागद बघत बसलात तर सांगलीत तुम्हाला गाळा होणार नाही.' झाला नाही, हे खरं.

मग नवीन इमारतींकडं गेले. ब्रोशरवर 220 फूट. आत टेप लावली तर 138. मधे खांब, तोही काउंटर जिथं यायला हवा तिथंच. बाकीचं कुठं गेलं? जिना, लॉबी, लिफ्ट, आणि त्यांच्या भाषेत 'लोडिंग'. कायदा सरळ सांगतो, की विक्री चटई (कार्पेट) क्षेत्रावर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर, करायची. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा आणि देखरेखीचा कायदा, लागू झाला 2017 च्या मे महिन्यात, आणि तो दुकानांनाही लागू आहे, नुसत्या फ्लॅटना नाही. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मी हे बोलले तर साइटवरचा पोरगा हसला. त्यांचा प्रकल्प रेरात नव्हताच. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सगळे मिळून आठच गाळे-फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या इमारती नेमक्या त्या मापात बसतात. गाळे-फ्लॅटच्या विक्रीचा 1963 चा जुना मोफा कायदा मात्र तेव्हाही लागू असतो, पण त्याचं नाव काढलं की चहा येतो आणि विषय बदलतो.

दुसऱ्या एका ठिकाणी गाळा छान, भावही त्यातल्या त्यात बरा. मी मंजूर नकाशा मागितला. आधी 'झेरॉक्स संपली', मग 'साहेबांकडं आहे'. शेवटी दुसऱ्या वाटेनं नक्कल मिळाली. माझा गाळा नकाशात होताच, पण गाळा म्हणून नव्हे. तिथं दुचाकींच्या पार्किंगच्या रेघा होत्या. भोगवटा प्रमाणपत्राची तर बातच नाही. आत दोन दुकानं चालू होती, एकात केक मिळत होता. उद्या महापालिकेनं नोटीस लावली तर केकवाल्याचं काय व्हायचं, देव जाणे. तो गाळाही तुमच्यातल्याच एकानं घेतल्याचं नंतर कळलं. नकाशा न बघता घेतला असणार. तुम्हाला तिथं बसायचंच नाही, तर नकाशा बघायचा कशाला? आणि तुम्ही बघत नाही म्हणून बांधणारे असले गाळे बांधत राहतात. आम्ही दुकानदार घेणारे असतो, तर पहिला प्रश्न गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार हाच असता, आणि दुसरा बाईमाणसाला जायला संडास कुठं आहे हा. दोन्हीची सोय नसलेले गाळे विकले जातात, कारण विकत घेणाऱ्याला तिथं दिवसाचे दहा तास काढायचे नसतात.

गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरचे, गाळे स्वस्त मिळतात. शामरावनगरकडं पाहिले. गुंठेवारीचा कायदा 2001 चा, 2021 च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. नियमितीकरण झालंय का विचारलं, की 'फाइल टाकलीय' एवढंच उत्तर. काळी माती, पाऊस पडला की रस्त्यात तळं. साडी हातात घेऊन कोण येणार तिकडं.

आता पुराचं. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यात तुमचं आणि माझं घोडं कायम अडतं.

कापड पेठ, हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक, हा सगळा पट्टा कृष्णेच्या तावडीतला. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 ला पाणी आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा 50 च्या वर. 2019 ला माझा गौरी-गणपतीचा माल नुकताच भरलेला होता. खालचा माल आम्ही माळ्यावर टाकला आणि निर्धास्त घरी गेलो, 2005 च्या अनुभवावर माळा पुरेसा होता. पाणी माळ्यावर गेलं. रुबियाचे तागे एकमेकांत रंग सोडून गोधडीसारखे झाले होते. कितीतरी दिवस गाळ उपसला, वास पुढं महिनोन् महिने.

मग मी गाळा बघायला गेले की पहिला प्रश्न विचारते, पाणी कुठवर आलं होतं? यावर तुमच्या एजंटनं मला दिलेली उत्तरं एकत्र केली तर सांगलीत पूर आलाच नव्हता. 'इथं नाही आलं, पलीकडं आलं.' 'पायरीपर्यंत आलं.' 'आलं, पण लगेच उतरलं.' भिंतीला नवा रंग, शटरला नवा रंग. मी आता आतल्या विजेच्या बोर्डाची उंची बघते. बोर्ड डोक्याच्या वर सरकवलेला असेल तर कुणीतरी शहाणपण शिकलेलं आहे. शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारते. तो खरं सांगतो, कारण त्यानंही गाळ उपसलेला असतो. तुम्हाला कदाचित खरंच माहीत नसेल. बंद गाळ्यात काय भिजणार?

आणि नेमकं इथंच भावाचं गणित वेडं होतं. ज्या पट्ट्यात दर काही वर्षांनी माल बुडतो, तिथला भाव खाली यायला हवा ना? 2019 नंतर काही महिने तो आला होता म्हणतात. तेव्हा आमच्याकडं पैसे नव्हते, आमचे पैसे गाळात होते. घेतले ते तुम्ही. आता तोच गाळा पूर येऊन गेल्याचं नाव न काढता दामदुपटीनं समोर येतो. विश्रामबागेकडं पाणी येत नाही, तिथला भाव तर विचारूच नये, आणि तिथं माझा धंदा नाही. जिथं धंदा आहे तिथं नदी आहे. नदीची जोखीम सगळी माझ्या मालाची, विम्याचा हप्ता माझा, आणि भाव मात्र नदी नसल्यासारखा. निळ्या-लाल पूररेषांचे नकाशे आहेत, बांधकाम परवानगीला ते लागतात. विकताना ते कुणी दाखवत नाही. दाखवा. तुमचा गाळा कुठल्या रेषेत येतो आणि 2019 ला आत किती फूट पाणी होतं, हे पहिल्याच भेटीत लिहून द्या, मग भाव बोलू.

तुमच्या भीतीबद्दल बोलते म्हणाले होते. भाडेकरू बसला की निघत नाही, ही भीती जुन्या पागडीच्या भाडेकरूंवरून आलेली आहे, आणि पेठेत त्याची उदाहरणं दारोदार आहेत. राहत्या घराचा लायसन्सधारक (ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणारा) मुदत संपून निघाला नाही तर 1999 च्या कायद्यातल्या कलम 24 ची जलद वाट आहे. दुकानाला ती वाट नाही, दिवाणी दावा करावा लागतो आणि दाव्याला किती वर्षं लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या जागी मी असते तर मीही दहा वेळा विचार केला असता. पण दहा वेळा विचार करणं वेगळं आणि वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवणं वेगळं. बंद गाळ्याच्या शेजारचं दुकानही बसतं. अंधारा बोळ, पायरीवर कचरा, बाई म्हणते तिकडं नको. तुमचं कुलूप शेजारच्या तिघांचा धंदा खातं, आणि बोळ मेला की तुमच्या 48 लाखांना तरी कोण विचारणार?

अकरा महिन्यांचाच करार हवा, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतं. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. 12,000 भाड्याच्या पाच वर्षांच्या कराराला, अनामत धरूनही, दोन हजारांच्या आसपास आणि नोंदणीचे 1,000. इतकं स्वस्त दुसरं काही राहिलंय का या व्यवहारांत? त्याउलट रीतसर भाडेपट्टा करायचा तर पाच ते दहा वर्षांच्या मुदतीला मिळकतीच्या बाजारभावाच्या 25 टक्के रकमेवर मुद्रांक लागतो, म्हणून तो मी मागतच नाही.

तर माझं म्हणणं असं. विकायचा असेल तर विका, पण पूर्ण रक्कम बँकेतून, एकच आकडा, कार्पेट मोजून, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र समोर ठेवून. 35 चा गाळा 35 ला घ्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखी निदान डझनभर दुकानदार मंडळी याच रस्त्यावर आहेत, शिलाई मशीनवाला आहे, बांगडीवाले काका आहेत. विकायचा नसेल तर 60 महिन्यांचा नोंदणीकृत करार करा. सहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवते. दरवर्षी 5 टक्के वाढ आत्ताच लिहून देते. पाच वर्षं तुम्ही मला काढायचं नाही, मी तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकेन. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर रोजचं दुप्पट भाडं, हेही लिहा, मी सही करते. मधल्या काळात विकायची वेळ आली तर पहिली विचारणा मला, लेखी, आणि उत्तराला 60 दिवस. पुराचं पाणी आत आलं तर गाळ काढेपर्यंतचं भाडं माफ. विजेचा बोर्ड मी माझ्या खर्चानं वर घेते.

जागा कापड पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी, दर्शनी हवी, आत खांब नको. दोन पायऱ्यांपेक्षा जास्त नकोत, माझी निम्मी गिऱ्हाईकं गुडघे धरून येतात.

माझा आत्ताचा करार दिवाळीनंतर संपतो. मालकाचा मुलगा परवा टेप घेऊन आला होता. तेव्हा कळवायचं असेल तर त्याआधी कळवा, आणि एजंटला मधे न घालता थेट बोला. दुपारी दोन ते चार गर्दी नसते.

कळावे,

एक भाडेकरू दुकानदार
हरभट रोड, सांगली